गिटार सुटली, पट्ट्या जप्त झाल्या: परदेशी माल पाठवण्याआधीचे परवाने आणि कस्टम्स

रंधा (धागाकर्ता)

मंडळी, जरा मोठं लिहितोय. यातली एकेक गोष्ट महागात पडली आहे, म्हणून काही गाळत नाही.

आम्ही दोघं मिळून हातानं गिटारी बनवतो. कारखाना वगैरे नाही. ऑर्डर आली की लाकूड निवडायचं आणि कामाला लागायचं. आजवरचा सगळा माल देशातल्या देशात गेला. गेल्या वर्षी पहिल्यांदा बाहेरून ऑर्डर आली: एक गिटार, तिची टणक पेटी, आणि गिऱ्हाईक स्वतः वाद्यं दुरुस्त करतो म्हणून रोझवूडच्या फिंगरबोर्डसाठी (मानेवरचा, बोटं दाबायचा भाग) १० पट्ट्या. पट्ट्या म्हणजे मापाला कापून रंधा मारलेल्या. फ्रेटच्या खाचा पाडलेल्या नाहीत, वरून गोलाई दिलेली नाही.

रोझवूडच्या वाद्यांना आता सायटीसचा, म्हणजे वन्य जातींच्या व्यापाराचा, परवाना लागत नाही, असं वाचलं होतं. बहुतेक रोझवूडला ते खरंही आहे. त्या भरवशावर सगळं एका खोक्यात भरलं आणि बिलावर लिहिलं, 'गिटार १ नग, लाकडी सुटे भाग १० नग'. पाच आठवडे माल तिकडच्या कस्टम्समध्ये पडून राहिला. आधी विचारलं, सुटे भाग म्हणजे नेमकं काय. मग लाकडाचं शास्त्रीय नाव विचारलं. मग परवाना मागितला. 'लगेच काढून पाठवतो' म्हणालो, तर उत्तर आलं की माल निघाल्यानंतरच्या तारखेचा परवाना चालणार नाही. गिटार सुटली, पट्ट्या जप्त झाल्या. गोदामाचं भाडं गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलं. ते मी भरून दिलं, पण त्याचा पुन्हा फोन आला नाही.

आता दुसऱ्या एका देशातून तीन गिटारींची विचारणा आली आहे. एकीत गिऱ्हाईक स्वतःचं पिकअप (तारांचा आवाज विजेच्या यंत्राकडे नेणारा भाग) पाठवून बसवून घेणार, एकीवर शिंपल्याची नक्षी हवी. 'दारात पोच, सगळे कर तुमच्याकडे' अशा बोलीवर भाव मागितलाय. या वेळी आधी विचारायचं आणि मगच माल हलवायचा, असं ठरवलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

मोजपट्टी

रंधा, कस्टम्स ब्रोकरच्या कचेरीत १९ वर्षं काम करतेय. तुम्ही केलीत ती चूक माझ्या टेबलावर सतत येते. तुम्ही 'रोझवूड' या शब्दावर नियम शोधलात. पण नियम लाकूड कुठलं एवढंच बघत नाही, ते कुठल्या अवस्थेत आहे हेही बघतो.

सायटीस म्हणजे वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. १९७३ साली झाला, १ जुलै १९७५ पासून लागू आहे. त्याला तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यातल्या जातींचा व्यापार जवळजवळ बंदच, दुसऱ्यातल्यांना निर्यात परवाना हवा. रोझवूडची अख्खी प्रजाती, म्हणजे डाल्बर्जिया, २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आली. तेव्हा तयार वाद्यंही त्यात सापडली आणि वाद्य बनवणारे, वाजवणारे सगळेच अडचणीत आले. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या बैठकीत यादीतल्या नोंदीची टीप, म्हणजे नियम कशाला लागू आणि कशाला नाही हे सांगणारी ओळ, बदलली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, वाद्यांचे तयार भाग आणि तयार उपसाधनं यांना सूट आहे.

'तयार' हा शब्द नीट वाचा. भाग त्या वाद्यासाठीच घडवलेला हवा आणि आहे तसा बसवून वाजवता यायला हवा. तुमच्या पट्टीला अजून खाचा पाडायच्या आहेत, गोलाई द्यायची आहे. म्हणजे ती तयार नाही. त्याच पट्ट्यांवर खाचा पाडून, गोलाई देऊन, बसवायला तयार करून पाठवल्या असत्या तर हा परवाना लागलाच नसता. एक दिवसाचं काम होतं, याचं मलाच वाईट वाटतंय.

मागाहून परवाना का चालत नाही, तेही सांगते. परवाना देणारं खातं आधी तपासतं की लाकूड कायदेशीर मार्गानं आलंय का आणि या व्यापारानं त्या जातीला धोका नाही ना. माल गेल्यावर काय तपासणार? अपवाद आहेत, पण फार अरुंद, आणि चूक पाठवणाऱ्याची किंवा मागवणाऱ्याची नसेल तरच.

कोरापुठ्ठा

मी वाचलं होतं की १० किलोपर्यंत रोझवूड सुटतं. दहा पट्ट्या म्हणजे फार तर तीन किलो. मग का पकडलं?

मोजपट्टी

ती सूटही तयार वस्तूंनाच. एका खेपेत त्या जातीचं लाकूड १० किलोपर्यंत असलेल्या तयार वस्तू चालतात, खेळणी, पेट्या, खुर्ची वगैरे. अर्धवट कापलेल्या लाकडाला वजनाची सूट नाही, मग ते पाव किलो का असेना. आणि काही थोड्या डाल्बर्जिया जातींच्या टिपा आणखी वेगळ्या आहेत, त्यामुळे जात कळल्याशिवाय कुठलीच सूट गृहीत धरू नका.

पानगळ

लाकडाच्या बाजूनं थोडी भर घालतो, माझं काम लाकूड ओळखण्याचं आहे.

रंधा, तुमच्या वखारवाल्यानं बिलात नुसतं 'रोझवूड' लिहिलं असेल तर ते कागद निर्यातीला पुरणार नाहीत. परवान्यावर शास्त्रीय नाव लागतं. डाल्बर्जिया लॅटिफोलिया आणि डाल्बर्जिया नायग्रा ही दोन्ही बाजारात रोझवूडच. लॅटिफोलिया दुसऱ्या परिशिष्टात, वाद्याची सूट तिला आहे. नायग्रा १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिला वाद्य म्हणून काही सूट नाही. जुन्या गिटारीची पाठ काढून नव्या गिटारीला लावण्याची पद्धत आहे, तिथे हे लाकूड हमखास निघतं. ते त्या यादीत येण्याआधीचं आहे हे कागदावर सिद्ध करून वेगळा दाखला घ्यावा लागतो. 'आजोबांच्या काळातलं आहे' असं सांगून भागत नाही.

शिंपल्याबद्दल तर नक्की विचारा. कुठला शिंपला? नॉटिलस असेल तर थांबा. नॉटिलसचं अख्खं कुळ त्याच दिवशी, २ जानेवारी २०१७ ला, दुसऱ्या परिशिष्टात गेलं आणि त्याला तयार वाद्याची सूट नाही. गिटार परवान्याशिवाय जाऊ शकते, पण तिच्यावर बोटाएवढी नॉटिलसची नक्षी असेल तर त्या नक्षीसाठी परवाना हवा. मोत्याच्या शिंपल्याचं साधं मदर ऑफ पर्ल त्यात येत नाही, पण विकणाऱ्याकडून जातीचं नाव लेखी घ्या.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत, हेही लिहून टाकतो. चांगली रोझवूडची झाडं जंगलातून कशी नाहीशी झाली ते मी बघितलंय. कागद मागणारा माणूस नसता तर तुमच्या पुढच्या पिढीला गिटारीला लावायला हे लाकूडच उरलं नसतं.

रंधा

पानगळ, मनापासून आभार. शिंपला कुठला ते मलाच माहीत नाही, कागदाच्या पाकिटात तुकडे येतात आणि वर नुसतं 'शेल' लिहिलेलं असतं. उद्याच विचारतो.

मोजपट्टीताई, पुढचा प्रश्न एचएस कोडचा. पट्ट्यांना मी लाकडाचा कोड लावायला हवा होता की वाद्याच्या भागांचा?

मोजपट्टी

चांगला प्रश्न आहे, याचं उत्तर पटकन देता येत नाही.

एचएस म्हणजे मालाच्या वर्गीकरणाची जागतिक पद्धत, जागतिक सीमाशुल्क संघटनेची. १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. आत्ता २०२२ ची आवृत्ती चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागेल, तेव्हा जुन्या बिलावरचा कोड डोळे मिटून उतरवू नका.

तुमच्या मालात बघा. अकूस्टिक गिटार ९२०२.९० मध्ये. तिचे भाग ९२०९.९२ मध्ये. सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेलं लाकूड ४४०७ मध्ये, त्याहून पातळ असेल तर ४४०८. आता पट्टी कुठे? वर्गीकरणाचे सहा सामान्य नियम आहेत. त्यातला २(अ) म्हणतो की वस्तू अपुरी असली तरी तिच्यात पुऱ्या वस्तूचं मूळ स्वरूप आलं असेल तर तिला पुरी समजून कोड द्या. पट्टीला फिंगरबोर्डचा निमुळता आकार आलेला असेल आणि तिचा दुसरा उपयोगच नसेल तर ९२०९ म्हणता येतं. नुसता आयताकृती तुकडा असेल तर ते लाकूडच, ४४०७.

आणि इथेच बरेच जण फसतात. कस्टम्सच्या कोडात पट्टी 'वाद्याचा भाग' ठरली तरी सायटीसच्या लेखी ती 'तयार भाग' ठरत नाही. दोन्ही कायदे वेगळे, दोघांच्या व्याख्या वेगळ्या. कोड बरोबर लागला म्हणजे परवान्याचा प्रश्न मिटला असं नाही.

पेटीचंही सांगते. गिटारीसोबत, तिच्याच आकाराची पेटी गेली तर नियम ५(अ) प्रमाणे ती गिटारीच्याच कोडात जाते, त्या नियमात वाद्यांच्या पेट्यांचं नावच आहे. तीच पेटी एकटी पाठवलीत की ४२०२, प्रवासी बॅगा आणि पेट्यांबरोबर. दर वेगळा पडू शकतो.

पिकअप बसवलेली गिटार मात्र ९२०७ मध्ये टाकू नका. तो कोड अशा वाद्यांचा, ज्यांचा आवाज विजेवर निघतो किंवा विजेनं वाढवावाच लागतो. तुमची गिटार पिकअप बंद असताना नीट वाजते ना? मग ती ९२०२ मध्येच. इलेक्ट्रिक गिटार ९२०७.

जुनीवही

वर्गीकरण किती ताणलं जातं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेत २००३ साली आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात टॉय बिझ नावाच्या कंपनीचा दावा निकाली निघाला. एक्स-मेन वगैरे पात्रांच्या खेळण्यातल्या आकृत्या त्यांनी आयात केल्या होत्या. त्या काळच्या दरपत्रकात माणसाची प्रतिकृती असलेल्या बाहुलीवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होतं. म्हणजे वाद एवढाच की ही पात्रं माणसं आहेत की नाहीत. न्यायालयानं आकृत्या एकेक करून बघितल्या आणि ती माणसं नाहीत असा निकाल दिला.

मी हे माझ्याकडच्या नव्या मुलांना सांगते, कारण त्यांना वाटतं की वर्णनाची ओळ म्हणजे कारकुनी. ती ओळच शुल्क ठरवते.

कोरापुठ्ठा

एवढं सगळं करण्यापेक्षा सोपा मार्ग सांगू? माझा एक ओळखीचा बिलावर 'भेटवस्तू' लिहितो आणि किंमत कमी दाखवतो. कधीच अडकत नाही.

मोजपट्टी

कोरापुठ्ठा, हा सल्ला इथे देऊ नका, कळकळीनं सांगते.

खोटं मूल्य जाहीर करणं हा जवळपास प्रत्येक देशात गुन्हा आहे. तिकडचा दंड बहुतेक वेळा मागवणाऱ्याला होतो, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला. त्याचं नाव तिथल्या यंत्रणेत लागलं की पुढची प्रत्येक खेप उघडून बघतात. आणि रस्त्यात गिटार फुटली तर विमा बिलावरच्या किमतीइतकाच मिळेल. तुमच्या ओळखीच्याला अजून कुणी विचारलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मूल्याचा नियम साधा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराप्रमाणे खरेदीदारानं मालासाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत हा पहिला आधार. तो लागू होत नसेल तरच पुढच्या पाच पद्धती, त्याही क्रमानं. फुकट बदली म्हणून पाठवलेल्या भागालाही मूल्य असतं. बिलावर 'विक्रीसाठी नाही, मूल्य फक्त कस्टम्सकरता' असं लिहून खरी किंमत टाका. शून्य लिहू नका.

आता रंधा, तुमचं पिकअप. गिऱ्हाइकानं ते फुकट पाठवलं, तुम्ही गिटारीची किंमत त्याशिवाय लावली. पण तिकडे गिटार पोचल्यावर कस्टम्सचं मूल्य काढताना पिकअपची किंमत त्यात मिळवावी लागते. खरेदीदारानं उत्पादनासाठी फुकट किंवा स्वस्तात पुरवलेल्या वस्तूंचं मूल्य जोडावं असं त्याच कराराच्या कलम ८ मध्ये आहे. हे जोडायला हमखास विसरतात. शिवाय पिकअप तुमच्याकडे येताना ती तुमची आयात झाली. वस्तू बसवून परत बाहेरच जाणार असेल तर बहुतेक देशांत प्रक्रियेसाठी तात्पुरत्या आयातीची सोय असते, शुल्क माफ किंवा परत मिळतं. पण त्याची परवानगी पिकअप येण्याआधी घ्यायची. आलं, बसवलं, मग अर्ज केला, असं नाही चालत.

कोरापुठ्ठा

मान्य. विम्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. त्या ओळखीच्यालाही कळवतो.

तिसरीतार

मी बनवणारा नाही, वाजवणारा. माझ्यासारख्या फिरत्या लोकांसाठी लिहून ठेवतो.

कार्यक्रमाला वाद्य घेऊन जायचं आणि परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट बघा. १९६१ सालच्या कराराची पद्धत आहे. तात्पुरत्या आयातीचं एक पासपोर्टवजा पुस्तक, एक वर्षापर्यंत चालतं, सदस्य देशांत दर वेळी शुल्काची अनामत ठेवावी लागत नाही. प्रदर्शनात मांडायला नमुने नेतात त्यांनाही उपयोगी. मात्र प्रत्येक सीमेवर जाताना आणि येताना पान फाडून शिक्का मारून घ्यायचाच. माझा एकदा निघतानाचा शिक्का राहिला. वाद्य माझ्या खांद्यावर, घरी, आणि कागदावर मात्र ते त्याच देशात राहिलेलं. ते परत आलंय हे सिद्ध करण्यात तीन महिने गेले.

वाद्यात यादीतली जात असेल तर सायटीसमध्ये वाद्याचा वेगळा दाखला आहे, तीन वर्षांपर्यंत चालतो, पुन्हापुन्हा सीमा ओलांडायला. तो विकण्यासाठी नाही. कार्नेट काढलं म्हणून सायटीस सुटत नाही, हे मला रांगेत उभं राहून कळलं.

रंधा

तिसरीतार, हे उपयोगी आहे, पुढच्या वर्षी एका प्रदर्शनाला जायचा विचार आहे. तिथे एखादी गिटार विकली गेली तर?

तिसरीतार

मग ती तात्पुरती राहिली नाही. विकायची असेल तर तिथेच रीतसर आयात करून शुल्क भरायचं, मग ताबा द्यायचा. कार्नेटवर नेलेली वस्तू तशीच कुणाच्या हातात ठेवली तर हमी देणाऱ्या संस्थेकडून वसुली होते आणि ती संस्था तुमच्याकडे येते.

पानगळ

खोक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. रंधा, तुम्ही लाकडी खोकं वापरता ना?

रंधा

हो, पाइनच्या फळ्यांचं, मीच ठोकतो. उरलेल्या फळ्यांतून.

पानगळ

मग हे वाचाच. लाकडी वेष्टनातून किडे देशोदेशी पसरतात, म्हणून आयएसपीएम १५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कच्च्या लाकडाचं खोकं, पॅलेट, अगदी आत टेकू म्हणून लावलेला ठोकळाही त्यात येतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग किमान ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का हवा, देशाचा आणि प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक, शेवटी 'एचटी', म्हणजे उष्णता दिलेलं. हा शिक्का फक्त मान्यताप्राप्त ठिकाणीच मारता येतो. दुसऱ्या खोक्याची शिक्का असलेली फळी घेऊन नवं खोकं ठोकलं तर तो शिक्का खोटा ठरतो.

प्लायवूड चालतं, कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबाखालून जातं. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूडही सुटतं. तुम्ही प्लायवूडचं खोकं करा, पण कोपऱ्यात आतून पाइनच्या पट्ट्या ठोकू नका. त्या पट्टीमुळे अख्खं खोकं परत पाठवल्याचं मी पाहिलंय.

दुसरीफेरी

यात भर. टचअपसाठी लॅकरची छोटी बाटली पेटीत टाकू नका. ज्वालाग्राही द्रव आहे, धोकादायक मालाच्या यादीत वर्ग ३, रंगाचा यूएन क्रमांक १२६३. ते धोकादायक माल म्हणून जाहीर करावं लागतं, विमानानं तर फारच काटेकोर. आम्ही एकदा टाकली होती, सगळी खेप थांबली. पिकअपच्या प्रीअँपमध्ये (आवाज वाढवणाऱ्या छोट्या यंत्रात) लिथियमची बॅटरी असेल तर तीही सांगावी लागते.

आणि 'दारात पोच, सगळे कर तुमच्याकडे' याला चुकूनही हो म्हणू नका. मी म्हटलं होतं.

रंधा

काय झालं, जरा सांगाल?

दुसरीफेरी

सांगते. ती अट म्हणजे इन्कोटर्म्समधली डीडीपी. इन्कोटर्म्स म्हणजे पोचवण्याचा खर्च आणि जबाबदारी कुणाची हे ठरवणाऱ्या व्यापारी अटी. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत, त्यात आयातीचं शुल्क विकणाऱ्याच्या माथी टाकणारी ही एकटीच. गिऱ्हाइकाला सोपं वाटतं म्हणून मी होकार दिला. माल पोचल्यावर कळलं की तिथे आयातदार म्हणून नोंदणी माझी लागते, आणि मी त्या देशात नाहीच. प्रतिनिधी नेमायचा, त्याला हमी द्यायची, वर तिथला विक्रीकर भरायचा. तो गिऱ्हाइकानं स्वतः भरला असता तर त्याला व्यवसायात वळता करता आला असता. माझ्या नावे भरल्यामुळे तो बुडाला. त्या खेपेत मला नफा राहिलाच नाही.

उलट टोक एक्सवर्क्स. त्यात निर्यातीची कागदपत्रंही खरेदीदारानं करायची, जी त्याला तुमच्या देशात बसून जमत नाहीत. मी आता एफसीए वापरते. निर्यातीचं सगळं मी करते, ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देते, पुढचं गिऱ्हाईक बघतं. अटीपुढे जागेचं नाव आणि 'इन्कोटर्म्स २०२०' लिहायला विसरू नका, नुसतं 'एफसीए' अपुरं आहे.

मोजपट्टी

दुसरीफेरीशी पूर्ण सहमत. गिऱ्हाईक खासगी माणूस असेल आणि एकच गिटार असेल तर काही कुरिअर कंपन्या कर आधी भरून घेऊन माल पोचवतात, ते वेगळं. ती त्यांची सेवा आहे. करारात मात्र डीडीपी लिहू नका.

कोरापुठ्ठा यांनी मला निरोपातून विचारलं की कुरिअरवालाच सगळं बघत असेल तर आपण कशाला शिकायचं. कुरिअर तुम्ही लिहून दिलेलं वर्णन पुढे भरतो. जाहीर केलेल्या माहितीची जबाबदारी ज्याच्या नावानं ती भरली त्याची राहते. ब्रोकर नेमला तरी लाकूड कुठलं हे तुम्हीच सांगणार ना?

जुनीवही

मूळ देशाचं प्रमाणपत्र लागेल का, ते बघा रंधा. दोन देशांत व्यापार करार असेल तर त्याच्या आधारे गिऱ्हाइकाला शुल्क कमी किंवा शून्य लागू शकतं, पण ते मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. लाकूड एका देशाचं, खुंट्या दुसऱ्या, तरी गिटार तुमच्याकडे 'घडली' असं बहुतेक करारांत कोड बदलण्यावरून ठरतं: ४४ व्या प्रकरणातलं लाकूड आलं, ९२ व्या प्रकरणातलं वाद्य गेलं. काही करारांत किमतीतला स्थानिक वाटा मोजतात. कच्च्या मालाची बिलं सांभाळून ठेवा, पडताळणी कधी कधी दोन-तीन वर्षांनी येते.

रंधा

आठवडाभर इथे आलो नव्हतो. कुठवर पोचलो ते सांगतो.

शिंपलेवाल्यानं लेखी दिलं, अर्धी पाकिटं नॉटिलसची निघाली. ती बाजूला ठेवली. गिऱ्हाइकाला सगळं खरं लिहिलं आणि साध्या मदर ऑफ पर्लचे नमुने दाखवले, त्याला ते जास्तच आवडले. एफसीएला तो तयार आहे, त्याचा स्वतःचा ब्रोकर आहे म्हणे. पिकअप मात्र पाठवू नको म्हणालो. खाच करून, वायर ओढून देतो, बसवणं त्याच्याकडचा कारागीर करेल.

बिलावर असं लिहितोय, चूक असेल तर सांगा: 'अकूस्टिक गिटार, पोलादी तारा, हाताने बनवलेली, नवीन, ३ नग, प्रत्येकी आकाराच्या पेटीसह. वरचा तक्ता पायसिया सिटचेन्सिस. पाठ, बाजू आणि फिंगरबोर्ड डाल्बर्जिया लॅटिफोलिया. मान एसर सॅकॅरम. एचएस ९२०२.९०.'

मोजपट्टी

छान. तीन गोष्टी वाढवा. प्रत्येक गिटारीचा अनुक्रमांक, म्हणजे दुरुस्तीला परत आली तर तीच आहे हे दाखवता येईल आणि पुन्हा शुल्क बसणार नाही. शिंपल्याच्या जातीचं नाव. आणि एक ओळ, 'तयार वाद्य, सायटीस टीप १५ प्रमाणे सूट'. अधिकाऱ्याला टीप शोधत बसायला लागू नये.

गिऱ्हाइकाच्या ब्रोकरला हे बिल माल निघण्याआधी पाठवा आणि त्याचं 'चालेल' लेखी घ्या. काही देश सायटीसपेक्षा कडक नियम ठेवतात. युरोपीय संघात दुसऱ्या परिशिष्टातल्या बहुतेक मालाला निर्यात परवान्यासोबत तिकडचा आयात परवानाही लागतो. तुमच्या गिटारींना सूट आहे, पण पुढे कधी पट्ट्या पाठवाल तेव्हा हे लागेल.

नियमित माल जाणार असेल तर त्या देशाच्या कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागवता येतो, कोडचा आणि मूळ देशाचा. व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला अमलात आला, त्यात ही सोय आहे. तो निर्णय त्या देशाच्या कस्टम्सवर बंधनकारक असतो, दुसऱ्या देशात मात्र त्याचा आधार नाही.

रंधा

तिन्ही वाढवलं. ब्रोकरचं उत्तर आज आलं: एका गिटारीच्या वजनात पेटी धरली आहे की नाही ते स्पष्ट करा, बाकी चालेल.

आणि ताई, पट्ट्यांसाठीही अर्ज टाकलाय. जुन्या गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं की परवाना हातात आल्यावर तशाच १० पट्ट्या माझ्या खर्चानं पाठवेन. परवाना मिळाल्यापासून सहा महिनेच चालतो असं खात्यात सांगितलं, म्हणून त्याच्याकडच्या आयातीच्या कागदांचं आधी विचारून ठेवलंय. त्यानं उत्तर दिलं. एकच ओळ आहे, 'या वेळी बिल आधी दाखव.'

पानगळ

पट्ट्या कुठल्या खोक्यात पाठवताय?

रंधा

प्लायवूडच्या. कोपऱ्यात पट्टी नाही.